संथा, सबक आणि सराव परीक्षा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच अडचणीची आहेत. घरी किंवा गुरूंकडे धर्माचं शिक्षण चालू आहे, दुसरीकडे शाळा-कॉलेज आहे, आणि वेळ मात्र एकच. पत्रं वेगवेगळ्या परंपरांतली आहेत. पाठांतराच्या बाबतीत मात्र सगळीकडे एक गोष्ट सारखीच दिसते: नवीन पाठ थांबला तर फारसं बिघडत नाही, आवृत्ती थांबली की सगळं निसटतं. नव्या पाठाला आणि जुन्याच्या उजळणीला वैदिक मंडळी संथा आणि आवृत्ती म्हणतात, हिफ्जच्या म्हणजे कुरआन पाठ करण्याच्या वर्गात सबक आणि मंजिल. परीक्षा जवळ आली की बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मूल नवा पाठ कसाबसा रेटत राहतं, कारण गुरुजींना दाखवायचा असतो, आणि जुन्याची उजळणी सोडून देतं. पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : मी नववीत आहे. गाव परभणी जिल्ह्यात. आळंदीला एका खासगी वारकरी संस्थेत राहतो आणि तिथल्याच शाळेत जातो. मृदंग चांगला वाजतो म्हणून मार्गशीर्षापासून सप्ताहांची बोलावणी येतात. या वर्षी वारी केली आणि चार सप्ताह केले. वर्गशिक्षकांनी हजेरीबद्दल ताकीद दिली. पुढच्या वर्षी दहावी. महाराज म्हणतात, हात सुटला तर परत बसत नाही. काय करू?

आधी हिशोब मांडू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. दहावीच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर ७५ टक्के हजेरी लागते. शाळेचे कामाचे दिवस २२० धरले तर जास्तीत जास्त ५५ दिवस बुडू शकतात. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या सुमारास आळंदी सोडते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचते. शाळा जूनच्या मध्याला उघडते, म्हणजे पूर्ण वारीत पंधरा-सोळा दिवस तरी गेले. एक सप्ताह काल्यासह आठ दिवसांचा असतो, त्यात जाण्यायेण्याचा दिवस मिळव आणि रविवार वजा कर, तरी सात-आठ दिवस जातात. चार सप्ताहांचे तीस. झाले पंचेचाळीस. त्यात एखादा ताप आला, बहिणीचं लग्न निघालं, की संपलं. म्हणून दहावीच्या वर्षी वारी आणि सप्ताह दोन्ही पूर्ण करणं जमणार नाही. एकाची निवड कर.

आमचं मत विचारशील तर सप्ताह सोड. कारण नुसतं हजेरीचं नाही. सप्ताहाचा दिवस आठव: पहाटे चारला काकडा, मग विष्णुसहस्रनाम, ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन किंवा प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री नऊ ते अकरा कीर्तन आणि वर जागर. मृदंग वाजवणाऱ्याला यातलं जवळपास काहीच टाळता येत नाही. टाळकरी आलटूनपालटून बसू शकतात, मृदंगाचार्य एकच असतो. आठ दिवस रोज चार तास झोप झाली की परतल्यावरचे तीन-चार दिवस वर्गात डोळे मिटतात, आणि ते दिवस हजेरीच्या हिशोबात दिसत नाहीत. शिवाय सप्ताहांचा भर मार्गशीर्ष ते चैत्र, आणि दहावीची पूर्वपरीक्षा जानेवारीत, तोंडी-प्रात्यक्षिकं त्यानंतर, लेखी फेब्रुवारी-मार्चमध्ये. फाल्गुन वद्य द्वितीयेची तुकाराम बीज आणि षष्ठीची नाथषष्ठीसुद्धा परीक्षेच्या आसपासच येतात. २०२५ साली बीज १६ मार्चला होती आणि दहावीचा शेवटचा पेपर १७ तारखेला. तुझ्या दहावीच्या वर्षी देहूला न जाता खोलीतच बीज करावी लागेल, याची मनाची तयारी आधीपासून ठेव.

वारीचंही पूर्ण चालणं नको. पुणे ते सासवड हा दिवेघाटाचा टप्पा एका दिवसाचा आहे, किंवा शेवटी वाखरीपासून पंढरपूर. एवढं केलंस तर दोन-तीन दिवसांत भागेल.

आता हाताचं. महाराज म्हणतात ते खरं आहे, पण हात सुटतो तो सप्ताह चुकल्याने नव्हे, रोजचा रियाज चुकल्याने. रोज ४० मिनिटं पुरतात, मात्र ती विभागून घे: पहिली दहा मिनिटं एकेक बोल संथ लयीत, पुढची वीस मिनिटं ठेके आणि चाली, शेवटची दहा दुगुण-चौगुण. पखवाज रात्री वाजवता येत नाही, बाजूचे झोपलेले किंवा अभ्यासाला बसलेले असतात. म्हणून रियाज सकाळी साडेसहाला. बायाला, म्हणजे डाव्या बाजूच्या पुडीला लावायची कणीक रात्रीच मळून ठेवू नकोस, सकाळपर्यंत आंबते आणि नीट बसत नाही. ताजी मळ, थोडी सैलसर, आणि रियाज झाला की लगेच काढून ओल्या फडक्याने पुडी पूस. वाळलेली कणीक खरवडत बसलास की शाळेची वेळ होते आणि पुडीही खराब होते. ज्या दिवशी पेपर आहे त्या दिवशी वाद्याला हात लावू नकोस. टाळी धरून बोल तोंडाने म्हण, दहा मिनिटं. तोंडात बोल शाबूत राहिला की हात दोन दिवसांत जागेवर येतो.

अभ्यासाची वेळ सकाळी साडेसात ते दहा, आणि शाळा सुटून हरिपाठ झाल्यावर साडेआठ ते दहा. सकाळी गणित आणि विज्ञान, रात्री भाषा आणि इतिहास. दहाला झोप, कारण तुझं उठणं पाचचं आहे.

वारकरी मुलांच्या उत्तरपत्रिकांत एक चूक नेहमी दिसते, ती मराठीच्या पेपरात. संतवाणीवर प्रश्न आला की मुलं निरूपण लिहायला लागतात, एकावर एक प्रमाणं देतात. चार गुणांच्या रसग्रहणात परीक्षकाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन भाग हवे असतात. प्रमाण एखादंच द्यावं. तुझ्याकडे इतरांपेक्षा जास्त आहे, ते तीन परिच्छेदांत बसवायची सवय आत्तापासून कर. आठवड्याला एक रसग्रहण लिहून शिक्षकांना दाखव.

तुझ्या आईवडिलांसाठीही दोन शब्द. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यानंतर आळंदीत मुलांना ठेवून घेणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ निघाल्या आणि सगळ्या सारख्या नाहीत. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, मुलाचं नाव शाळेच्या पटावर खरोखर आहे का, रात्री मुलांसोबत कोण झोपतं, मुलाला घरी हवा तेव्हा फोन करता येतो का, हे स्वतः जाऊन बघा. वेळ न कळवता जा. ज्या संस्थेला अचानक आलेले पालक खपत नाहीत तिथून मुलाला घेऊन या. सप्ताहाची बिदागी कोणाकडे जाते, हेही विचारा. चौदा वर्षांच्या मुलाची शाळा बिदागीसाठी बुडत असेल तर त्याला शिक्षण म्हणता येणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. सातवीनंतर मदरशात हिफ्जला घातला. सतरा पारे झाले. हाफिजसाब म्हणतात मुलगा हुशार आहे. आता तो स्वतःच म्हणतो, अम्मी, मला दहावी करायची आहे, पुढे सायन्सला जायचं आहे. हिफ्ज अर्ध्यावर सोडायचं का? — एक आई, रत्नागिरी जिल्हा

सोडू नका. कुरआनच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) सतरा ही अवघड जागा आहे. इथे थांबलं तर अलीकडे झालेले चार-पाच पारे सगळ्यात आधी जातात, कारण ते अजून पुरते मुरलेले नसतात.

हाफिजी मुसहफात, म्हणजे पाठांतरासाठीच्या कुरआनच्या प्रतीत, एका पाऱ्याची साधारण वीस पानं, पानाला पंधरा ओळी. उरलेले तेरा पारे म्हणजे २६० पानं. आठवड्याचे पाच दिवस रोज एक पान सबक झाला तर एक वर्ष लागेल, अर्धं पान झालं तर दोन. आमचा सल्ला अर्ध्या पानाचा आहे. दोन वर्षांत हिफ्ज आणि दहावी दोन्ही पदरात पडतील, आणि तेव्हा तो सोळाचा असेल. सोळाव्या वर्षी अकरावी म्हणजे फार उशीर नाही.

दहावीचे त्याच्यासाठी दोन रस्ते आहेत. एक, राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बसणं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो लागतात. ठरवून दिलेल्या शाळेमार्फत फॉर्म जातो आणि सगळ्या विषयांना एकदमच बसावं लागतं. दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. चौदा पूर्ण झालेल्या मुलाला तिथे दहावीला प्रवेश मिळतो. किमान पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि पाच वर्षांत जमतील तसे विषय सोडवता येतात. माध्यम मराठी, उर्दू किंवा इंग्रजी घेता येतं.

तुमच्या मुलाला एनआयओएस बरं. पहिल्या ऑक्टोबरला दोन विषय, एप्रिलला तीन, असं तोडून करता येईल. दुसरं कारण रमजानचं आहे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ आणि २०२६ साली तो राज्य मंडळाच्या लेखी परीक्षेतच आला. सकाळी अकराचा पेपर, आदल्या रात्री तरावीहची लांब नमाज, पहाटे सहरी: कोवळ्या हाफिजांची त्यात फार ओढाताण झाली. पुढची काही वर्षंही फेब्रुवारी रमजानपासून मोकळा नाही. एप्रिलची परीक्षा त्यातून सुटते. तरी कधी परीक्षा आणि रमजान एकत्र आलेच, तर त्या वर्षी त्याच्याकडे पूर्ण तरावीह देऊ नका. मागे सामे म्हणून, म्हणजे पाठ ऐकून चूक सुधारणारा म्हणून, उभा राहू द्या. ऐकताना त्याचीही मंजिल होते आणि दिवसभर पाठ धरून बसायचा ताण येत नाही.

विषय निवडताना मात्र घाई करू नका. ओळखीचे लोक सांगतील, सोपे विषय घ्या, पास होऊन जाईल. गणित आणि विज्ञान न घेता दहावी झाली तर अकरावी सायन्सचं दार बंद होतं, आणि त्याला तेच हवं आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी पक्कं. उरलेल्या दोनांत उर्दू किंवा अरबी घ्या, त्यात त्याची तयारी आधीच आहे. मराठी वाचन घरी चालू ठेवा, ते पुढे रोजच्या कामाला लागतं.

सातवी ते दहावी ही दरी खरी गणितातच असते. अपूर्णांक, ऋण संख्या, एका चलातली समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, त्रिकोणाचे गुणधर्म. आठवी-नववीची जुनी पुस्तकं आणा आणि दहावीच्या पुस्तकाला हात लावायच्या आधी चार-पाच महिने तीच करून घ्या. इथे शिकवणी लावायला पैसे खर्च झाले तर होऊ द्या. विज्ञानाला तेवढी गरज नाही.

दिवसाची आखणी हाफिजसाबांशी बसून करा. फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतरचा वेळ सबकचाच, त्याला हात लावू नका. नाश्त्यानंतर सबकी, म्हणजे अलीकडच्या आठ-दहा दिवसांचं. साडेदहा ते एक शाळेचे विषय. जोहरनंतर जेवण आणि अर्धा तास झोप. असरच्या आधी पुन्हा एक तास गणित. मंजिल असर ते मगरिब, मगरिबनंतर उद्याच्या सबकची तयारी. बरेचदा मदरशातले लोक शाळेचे विषय ईशानंतर ठेवतात, आणि मूल पुस्तकावर डोकं टेकून झोपतं. पहाटे साडेचारला उठलेल्या मुलाला रात्री दहाला बीजगणित येणार नाही. हाफिजसाबांना हे पटवून द्या. हुशार मुलासाठी वेळ काढून द्यायला बहुतेक उस्ताद तयार असतात, त्यांच्याकडे कोणीतरी नीट बोलावं लागतं.

परीक्षेच्या महिन्यात सबक पूर्ण बंद. मंजिल रोज एक पारा, म्हणजे झालेले सगळे पारे अठरा-वीस दिवसांत एकदा फिरून येतील. पाठ असलेल्या पाऱ्याला अर्धा तास पुरतो.

हिफ्ज करणाऱ्या मुलाची एक सवय आहे, ती शाळेत नडते. तो विज्ञानाचं उत्तरही पारा पाठ करावा तसं शब्दन्‌शब्द, डोलत, मोठ्याने पाठ करतो. प्रश्न पुस्तकातल्यासारखा आला तर पूर्ण गुण, जरा फिरवून आला तर कोरा कागद. म्हणून उत्तर वाचून झालं की पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहायला लावा. सुरुवातीला त्याला ते चुकीचं वाटेल, कारण कुरआनमध्ये एक हरफ इकडेतिकडे चालत नाही. दोन ठिकाणच्या शिस्ती वेगळ्या आहेत, हे त्याला शांतपणे समजावून सांगा. उलट त्याचा फायदाही आहे: जे बालक सूरह रहमानमध्ये एकतीस वेळा येणारी एकच आयत प्रत्येक वेळी अचूक जागी ठेवतं, त्याला आवर्तसारणी लक्षात ठेवणं जड जाणार नाही.

प्रश्न : मुलगा पाचवी पास झाला. मुंज झाली आहे. वेदपाठशाळेत घालावं असं सासऱ्यांना वाटतं. मुलाचा कल यंत्रांकडे आहे. वेद शिकून पुढे इंजिनिअर होता येईल का? — नाशिक

उज्जैनच्या महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाचा वेदभूषण हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम दहावीच्या तोडीचा आणि त्यापुढचा दोन वर्षांचा वेदविभूषण बारावीच्या तोडीचा मानला जातो. वेदासोबत संस्कृत, इंग्रजी, गणित, विज्ञान असे विषय त्यात आहेत. पण तुमच्या मनात असलेली पाठशाळा या व्यवस्थेशी जोडलेली आहे का, हा पहिला प्रश्न. पाठशाळा उत्तम असेल, गुरुजी घनपाठी असतील, तरी संलग्नता नसेल तर मुलाच्या हातात कागद येत नाही आणि दहावी बाहेरून करावी लागते. मागच्या दोन वर्षांची प्रमाणपत्रं दाखवा असं स्पष्ट म्हणा.

दुसरं, बारावीच्या तोडीचं प्रमाणपत्र म्हणजे विज्ञान शाखेची बारावी नव्हे. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित बारावीला असावं लागतं. कल खरोखर यंत्रांकडे असेल तर मुलाला पाठशाळेत निवासी ठेवू नका, असं आम्ही ठामपणे म्हणू. शाळा चालू ठेवा आणि गावातल्या गुरुजींकडे रोज पाऊण तास संथा लावा. पुरुषसूक्त, श्रीसूक्त, मग रुद्र, मग पवमान, दहावीपर्यंत एवढं सहज होतं आणि आयुष्यभर पुरतं. पुढे ओढ राहिली तर पदवीला वाव आहे: २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, त्यातली एक दूरशिक्षणातून संस्कृतची घेता येते.

संथा सुरू करण्याआधी आपला वेद आणि शाखा सासऱ्यांना विचारून घ्या. नाशिककडे शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन घरं पुष्कळ आहेत. त्यांचा रुद्र वाजसनेयि संहितेच्या सोळाव्या अध्यायातला, स्वर हाताने दाखवायचे, आणि ‘ष’चा उच्चार बऱ्याच जागी ‘ख’ असा. फोनवर सहज सापडतं ते ध्वनिमुद्रण बहुधा तैत्तिरीयांचं, म्हणजे कृष्ण यजुर्वेदाच्या शाखेचं, अकरा अनुवाक नमकाचे आणि अकरा चमकाचे. मुलं ते ऐकून पाठ करून येतात आणि गुरुजींचे सहा महिने ते विसरायला लावण्यात जातात. पोथीतल्या खुणाही आधी समजावून घ्यायला हव्यात: अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे अनुदात्त, वर उभी रेघ म्हणजे स्वरित, आणि उदात्ताला खूणच नसते. हे तैत्तिरीय आणि ऋग्वेदाच्या पोथीचं. खूण नाही म्हणजे स्वर नाही असं समजून मुलं ते अक्षर सपाट म्हणतात. हे कानाने आणि गुरुमुखानेच दुरुस्त होतं.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, जेईई देणार आहे. गीतेचे चौदा अध्याय पाठ आहेत. पहिला, दुसरा, अकरावा आणि अठरावा राहिले. युनिट टेस्ट आली की पंधरा दिवस म्हणणं होत नाही, आणि नंतर श्लोक एकमेकांत मिसळतात. बारावीत गीता बाजूला ठेवू का? — सातारा

तुझे राहिलेले चार अध्याय गीतेतल्या मोठ्या अध्यायांपैकी आहेत: ४७, ७२, ५५ आणि ७८, मिळून २५२ श्लोक. झालेले ४४८. बारावी सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत रोज पाच श्लोक घेतलेस तर पन्नास दिवसांत होतील. अकराव्यात वृत्त बदलतं, तिथे वेग कमी होईल, म्हणून तो सुट्टीच्या सुरुवातीला घे, शेवटी नको. सुट्टीत जेवढे होतील तेवढे. बारावीत एकही नवीन श्लोक नाही.

आवृत्ती मात्र बारावीतही रोज पंचवीस मिनिटं. सातशे श्लोक सात वारांत असे बसतात: सोमवारी १ व २, मंगळवारी ३ ते ५, बुधवारी ६ ते ८, गुरुवारी ९ व १०, शुक्रवारी ११ व १२, शनिवारी १३ ते १६, रविवारी १७ व १८. गुरुवार-शुक्रवार मुद्दाम हलके आहेत, क्लासचे लांब दिवस तिकडे टाक किंवा वार पुढेमागे कर. मिनिटाला चार श्लोक या गतीने सोमवारचे ११९ अर्ध्या तासात होतात. एखादा वार चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट म्हणत बसू नकोस. तो वार पुढच्या आठवड्यात आपोआप येतो. भरपाई करायला गेलेली मुलंच चार दिवसांनी सगळं सोडून देतात, हे आम्ही वारंवार पाहतो.

आंघोळीपासून घराबाहेर पडेपर्यंतचा वेळ यासाठी उत्तम, कारण तेव्हा पुस्तक उघडून बसता येतच नाही. अभ्यासाच्या तासांतून काहीही घेऊ नकोस.

मिसळण्याचं कारण वेगळं आहे आणि त्यावर नुसतं जास्त वेळा म्हणणं हा उपाय नाही. गीतेत काही चरण दोनदा येतात. ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः परधर्मात्स्वनुष्ठितात्’ तिसऱ्यात ३५वा आणि अठराव्यात ४७वा. तिसऱ्यात पुढे ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’, अठराव्यात ‘स्वभावनियतं कर्म’. तसंच ‘मन्मना भव मद्भक्तो’: नवव्याच्या शेवटी पुढे ‘मामेवैष्यसि युक्त्वैवम्’, अठराव्यात ६५व्याला ‘मामेवैष्यसि सत्यं ते’. तू अठरावा शिकशील तेव्हा नववा बिघडेल, तो इथेच. अशा जोड्या एका कागदावर समोरासमोर लिही आणि त्या जोडीनेच म्हण, वेगवेगळ्या नकोत. शक्य तिथे अर्थाचा खिळा ठोक: नवव्यात ‘मत्परायणः’वर अध्याय संपतो, अठराव्यात ‘प्रतिजाने प्रियोऽसि मे’, म्हणजे भगवंत तिथे शब्द देतायत. हे कळलं की चूक होत नाही.

शिवाय प्रत्येक श्लोकाचे पहिले दोन शब्द लिहिलेली यादी कर, अध्यायाला अर्धं पान. अडखळलीस तर पुस्तक न उघडता यादी बघ. पूर्ण श्लोक वाचला की डोकं आठवायचं काम सोडून देतं.

जेईई मेनचं सत्र जानेवारीत आणि बारावीची लेखी फेब्रुवारीत. त्या दोन महिन्यांत फक्त बारावा आणि पंधरावा, दोन्ही वीस-वीस श्लोकांचे, रोज दहा मिनिटं. बाकीचे अध्याय ते दोन महिने पडून राहिले तर मार्चमध्ये दोन आठवड्यांत परत येतील, कारण त्याआधी वर्षभर ते दर आठवड्याला म्हटलेले असतील.

प्रश्न : सांगलीचा आहे, इंजिनिअरिंगला पुण्यात. दशलक्षणात आजी रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचते. मला तिच्याकडून शिकायचं आहे पण पाठांतराची आवड नाही आणि वेळही नाही.

दशलक्षण हे जैनांचं दहा दिवसांचं पर्व आणि तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ: दहा दिवस, दहा अध्याय, ३५७ सूत्रं, हे पर्वाचं वाचन. शिकण्यासाठी ती गती नव्हे. पाठांतर नको असेल तर नको. सूत्रं लहान आहेत, अर्थ लागला की अर्धी आपोआप बसतात. रविवारी सकाळी आजींना फोन, वीस मिनिटं, पाच सूत्रं. पहिल्या अध्यायात ३३ आहेत, सात रविवार लागतील. त्यानंतर सरळ पाचव्यावर जा. ‘उत्पादव्ययध्रौव्ययुक्तं सत्’, म्हणजे उपजणं, नाहीसं होणं आणि टिकून राहणं ज्यात आहे ते सत्, हे तिथे भेटेल, आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलाला त्यावर विचारण्यासारखं खूप असतं. सत्र परीक्षेच्या तीन आठवड्यांत फोन फक्त ख्यालीखुशालीचा. कोणती पाच सूत्रं घ्यायची ते शनिवारीच आजींना कळव, म्हणजे त्यांनाही सर्वार्थसिद्धी ही टीका काढून चष्मा लावून बसता येईल.